सेल्फ-कॅलिब्रेशनमध्ये चूक कुठून शिरते: फोटो काढण्यापासून आकडे तपासण्यापर्यंत

फोटोंवरून त्रिमितीय मॉडेल करणारं (फोटोग्रामेट्रीचं) सॉफ्टवेअर म्हणतं रिप्रोजेक्शन एरर, म्हणजे बिंदूची फोटोतली जागा आणि मॉडेलवरून काढलेली जागा यांतला फरक, ०.४ पिक्सेल; म्हणजे सगळं झकास. मग भिंतीला टेप लावली की मॉडेलमधली लांबी चार सेंटीमीटरनं जास्त निघते. किंवा पंचगंगेकाठचं सपाट शेत मॉडेलमध्ये परातीसारखं मध्ये खोल दिसतं. जुन्या दगडी बांधकामांची नोंद करणारे आर्किटेक्चरचे विद्यार्थी असोत, शिरोलीच्या फौंड्रीत कास्टिंग तपासणारे इंजिनिअर असोत की ड्रोनवाले, तक्रार फिरून फिरून हीच असते. आणि पहिला संशय नेहमी सॉफ्टवेअरवर जातो.

बहुतेक वेळा सॉफ्टवेअरचा दोष नसतो. चूक फोटो काढतानाच शिरलेली असते आणि सेल्फ-कॅलिब्रेशन (कॅमेऱ्याचे आतले आकडे त्याच फोटोंवरून काढणं) तिला कॅमेऱ्याच्या आकड्यांत मुरवून टाकतं. एरर कमी दिसते ती त्यामुळेच.

छापील चेसबोर्डचे (बुद्धिबळाच्या पटाचे) फोटो घेऊन केलेल्या कॅलिब्रेशनमध्ये चौकटींचं माप आधीच ठाऊक असतं. सेल्फ-कॅलिब्रेशनमध्ये काहीच ठाऊक नसतं. फोकल लेंथ, प्रिन्सिपल पॉइंटचे (लेन्सचा अक्ष सेन्सरवर जिथे पडतो त्या बिंदूचे) दोन आकडे, लेन्सच्या गोलाकार डिस्टॉर्शनचे (लेन्समुळे येणाऱ्या वाकडेपणाचे) के१, के२, के३ आणि तिरकस डिस्टॉर्शनचे पी१, पी२ असे आठ अज्ञात. त्यावर प्रत्येक फोटोमागे आणखी सहा (कॅमेरा कुठे होता आणि कुठे बघत होता) आणि वस्तूवरच्या प्रत्येक बिंदूमागे तीन. एक बिंदू एका फोटोत सापडला की दोन समीकरणं मिळतात, त्यामुळे समीकरणांना तोटा नसतो. पण समीकरणं भरपूर असली म्हणून ती दोन अज्ञातांना वेगळं ओळखू शकतीलच असं नाही. फोटोंची मांडणी कमकुवत असेल तर एका आकड्यातली चूक दुसरा आकडा निमूट भरून काढतो आणि एरर तसूभरही हलत नाही. खालचे सगळे टप्पे ही भरपाई थांबवण्यासाठी आहेत.

## ०. आधी ठरवा: सेल्फ-कॅलिब्रेशन करायचं का?

पुढच्या तीन परिस्थितींत करू नका.

एक, विषय सपाट आहे आणि सगळे फोटो समोरून, एकाच अंतरावरून काढले आहेत. यात फोकल लेंथ आणि अंतर वेगळे काढताच येत नाहीत. फोकल लेंथ एक टक्का जास्त धरली आणि अंतरही एक टक्का वाढवलं, तर फोटो हुबेहूब तोच येतो. ६० मीटर उंचीच्या ड्रोनसाठी हा एक टक्का म्हणजे ६० सेंटीमीटर.

दोन, फोटो पंधरा-वीसच्या आत आहेत.

तीन, कॅमेरा दिशा न बदलता सरळ रेषेत सरकला आहे. उदाहरणार्थ, कॅमेरा छातीशी धरून बोळातून नाकासमोर चालत घेतलेला व्हिडिओ. दिशा कधीच बदलली नाही तर कॅमेऱ्याचे आतले आकडे ठरवायला गणिताकडे आधारच उरत नाही.

अशा वेळी त्याच कॅमेऱ्यानं, त्याच सेटिंगवर, खोली असलेल्या दुसऱ्या विषयाचे फोटो घ्या (दगडी जिना, कट्टा, कोनाडे असलेली भिंत), त्यावरून कॅलिब्रेशन करा आणि ते आकडे मूळ कामात कायम ठेवा. 'फिक्स' करायचा पर्याय जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असतो.

## १. कॅमेरा बांधून ठेवा

सेल्फ-कॅलिब्रेशनचं सगळं गणित एका गृहीतावर उभं असतं: पहिल्या फोटोपासून शेवटच्या फोटोपर्यंत कॅमेरा आतून जसाच्या तसा होता. हे गृहीत मोडायला ऑटोफोकस एकटा पुरेसा आहे.

साध्या लेन्सच्या सूत्रावरून हिशेब करून बघा. ५० मिलिमीटरची लेन्स अनंतावर फोकस असेल तर लेन्स ते सेन्सर अंतर ५० मिलिमीटर. दोन मीटरवर फोकस केली तर ते ५१.२८ होतं आणि एक मीटरवर ५२.६३. म्हणजे एक मीटरवरून दोन मीटरवर फोकस सरकला की जवळपास अडीच टक्क्यांचा फरक. आतल्या आत फोकस करणाऱ्या आधुनिक लेन्समध्ये आकडा वेगळा येईल, पण शून्य येणार नाही. सॉफ्टवेअर मात्र सगळ्या फोटोंना मिळून एकच सरासरी फोकल लेंथ देतं आणि उरलेला फरक के१मध्ये आणि कॅमेऱ्याच्या जागेत ढकलतं.

या क्रमानं करा:

१. शक्यतो फिक्स्ड लेन्स वापरा. झूमच घ्यावी लागली तर तिच्या एका टोकाला ठेवा आणि रिंगवर कागदी टेप लावा. मधल्या जागी ठेवलेली झूम कॅमेरा खाली वाकवला की स्वतःच्या वजनानं सरकते.

२. कामाच्या सरासरी अंतरावर एकदा फोकस करा, मग मॅन्युअलवर टाका आणि फोकस रिंगवरही टेप लावा.

३. अॅपर्चर एफ/८च्या आसपास ठेवा. त्याहून उघडं ठेवलं तर खोलीतले बिंदू धूसर होतात. एफ/१६च्या पुढे डिफ्रॅक्शनमुळे सगळंच मऊ पडतं.

४. इमेज स्टॅबिलायझेशन बंद करा, लेन्समधलं आणि बॉडीमधलंही. ही यंत्रणा लेन्सचा भाग किंवा सेन्सर खरोखर हलवते. म्हणजे दर फोटोला प्रिन्सिपल पॉइंट नवा.

५. कॅमेऱ्यातलं 'डिस्टॉर्शन करेक्शन' बंद करा. जेपीईजीवर कॅमेऱ्यानं एकदा सुधारणा केली की उरलेलं डिस्टॉर्शन के१–के३च्या सूत्रात नीट बसत नाही. रॉ काढत असाल तर रूपांतर करतानाही लेन्स प्रोफाइल लावू नका.

६. ऑटो-रोटेट बंद करा. उभा धरून काढलेला फोटो कॅमेऱ्यानं किंवा संगणकावरच्या एखाद्या प्रोग्रामनं 'सरळ' करून ठेवला की रुंदी-उंचीची अदलाबदल होते आणि प्रिन्सिपल पॉइंट भलत्या अक्षावर जातो. काही सॉफ्टवेअर असे फोटो वेगळा कॅमेरा धरून बाजूला काढतात. मग उभे फोटो काढण्याचा मूळ हेतूच संपतो. तो हेतू काय, हे चौथ्या टप्प्यात येईल.

७. फोटोचा आकार आणि प्रमाण बदलू नका. ४:३ आणि १६:९ मिसळले की दोन कॅमेरे झाले. व्हिडिओ तर वेगळाच कॅमेरा धरा, कारण तो सहसा सेन्सरचा वेगळा तुकडा वापरतो.

मोबाइलवाल्यांसाठी: मुख्य लेन्सवर मॅन्युअल फोकस देणारं अॅप वापरा. एचडीआर आणि नाइट मोड बंद ठेवा, कारण ते अनेक फ्रेम जोडून एक फोटो करतात. जवळ गेल्यावर फोन न सांगता अल्ट्रावाइड लेन्सवर उडी मारतो, ते 'ऑटो मॅक्रो' बंद करा. ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन बऱ्याच फोनमध्ये बंदच करता येत नाही. त्यामुळे मोबाइलवरून मिलिमीटरच्या गप्पा मारू नयेत. भिंतीवरच्या नक्षीची नोंद करायला तो पुरतो, मशीनिंगचा अलाउन्स (कास्टिंगवर कापून काढण्यासाठी ठेवलेली जादा जाडी) तपासायला पुरत नाही.

तपासणी: सुरुवातीला एक फोटो घ्या आणि काम संपल्यावर त्याच जागेवरून, तोच विषय धरून परत एक. दोन्ही फोटोंची फोकल लेंथ, आकार, अॅपर्चर जुळायला हवं. टेप सरकलेली दिसली तर तो संच दोन कॅमेऱ्यांचा धरा.

## २. ऊन, सावली, दमट हवा

हा टप्पा लहान आहे, पण टाळायचा नाही.

एसी गाडीतून काढलेला कॅमेरा जुलैतल्या पन्हाळ्याच्या धुक्यात नेला की लेन्सवर वाफ धरते. ती पुसली तरी लेन्सचं तापमान पुढे बराच वेळ बदलत राहतं. पिशवी उघडून कॅमेरा १५–२० मिनिटं बाहेरच्या हवेत राहू द्या, मग फोकस करा. एप्रिलच्या दुपारी कॅमेरा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका.

कडक उन्हात सावलीच्या कडा सॉफ्टवेअरला फार आवडतात. दगडावरच्या खऱ्या खुणांपेक्षा त्या ठळक असतात, आणि तासाभरात सरकतात. ढगाळ दिवस उत्तम. तो नसेल तर एका बाजूचे सगळे फोटो अर्ध्या तासात उरका. ओला काळा दगड चमकतो, म्हणून पाऊस थांबल्याबरोबर धावू नका. दगड सुकू द्या.

## ३. माप देणाऱ्या खुणा आधी लावा

सेल्फ-कॅलिब्रेशनला आकार कळतो, माप कळत नाही. माप बाहेरून द्यावं लागतं, आणि इथे लोक एकच पट्टी ठेवून मोकळे होतात. एका पट्टीनं माप मिळतं, तपासणी होत नाही.

निदान चार अंतरं ठरवा. दोन सॉफ्टवेअरला द्या आणि दोन त्याच्यापासून लपवून ठेवा. पट्ट्या आडव्या, उभ्या आणि खोलीच्या दिशेनंही ठेवा. फोकल लेंथमधली चूक सगळ्यात आधी खोलीत दिसते, आणि नेमकी तिथेच कोणी पट्टी ठेवत नाही.

फौंड्रीतल्या कामात पट्टीचं तापमान विसरू नका. एक मीटरची स्टीलची पट्टी २० अंश सेल्सियसनं तापली की साधारण ०.२३ मिलिमीटर वाढते आणि अॅल्युमिनियमची त्याच्या दुप्पट. भट्टीजवळच्या शेडमध्ये हा फरक सहज पडतो. भिंत मोजताना त्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल.

टार्गेट (सॉफ्टवेअरला ओळखता येतील अशा छापील खुणा) जाड, मॅट कागदावर छापून कडक पुठ्ठ्यावर किंवा अॅक्रिलिकवर चिकटवा. लॅमिनेशन करू नका, ते चमकतं. फोटोत टार्गेटचा मधला भाग निदान १० पिक्सेलचा दिसेल इतकं मोठं ठेवा.

## ४. फोटोंची मांडणी

लेखातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच. इथे चुकलं तर पुढे कुठलंही सेटिंग वाचवत नाही.

मांडणीत चार गोष्टी लागतात: तिरके फोटो, कॅमेरा कलवून घेतलेले फोटो, विषयात खोली आणि फ्रेमच्या कोपऱ्यांपर्यंत पसरलेले बिंदू.

तिरके फोटो फोकल लेंथ आणि अंतर यांना वेगळं करतात. समोरून एक बिंदू दिसतो तसा २०–३० अंशांनी बाजूनं दिसत नाही, आणि तो फरक खऱ्या फोकल लेंथशिवाय जुळत नाही. कोन ४५च्या पुढे नेऊ नका. त्यापुढे सॉफ्टवेअरला तोच दगड ओळखता येत नाही.

कलवून फोटो म्हणजे कॅमेरा उभा धरून, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे ९० अंश फिरवून. प्रिन्सिपल पॉइंट १० पिक्सेल उजवीकडे धरला तर कॅमेरा किंचित वळवून ती चूक झाकता येते. सगळे फोटो आडवेच असतील तर ही झाकाझाक सगळ्या फोटोंत एकाच दिशेनं खपून जाते. कॅमेरा ९० अंश फिरवला की चूक वेगळ्या दिशेला पडते आणि उघडी पडते. दहा-बारा फोटोंचा खर्च आहे, आणि वगळला जातो तो हमखास हाच.

१२ मीटर लांब, ३ मीटर उंच दगडी भिंतीचं उदाहरण घेऊ. एपीएस-सी सेन्सर (२३.५ मिलिमीटर रुंद, ६००० पिक्सेल) आणि २४ मिलिमीटरची लेन्स. चार मीटरवरून एका फ्रेममध्ये साधारण ३.९ × २.६ मीटर भिंत बसते.

१. समोरून दोन रांगा, एक कमरेच्या उंचीवरून आणि एक काठीवर किंवा शिडीवरून. ८० टक्के ओव्हरलॅपसाठी दर ७५–८० सेंटीमीटरला एक फोटो. फ्रेम भिंतीच्या टोकाबाहेर जाईल असे दोन्ही बाजूंना दोन-दोन जास्त. एका रांगेत साधारण १६, दोन रांगांत ३२.

२. परत येताना एक सोडून एका जागेवरून डावीकडे २५ अंश तिरका आणि उजवीकडे २५ अंश तिरका. आठ आणि आठ, असे १६.

३. कॅमेरा उभा धरून सहा डावीकडे आणि सहा उजवीकडे फिरवलेले. तिरके असले तर आणखी बरं.

४. सहा-सात मीटर मागे जाऊन पूर्ण भिंत बांधून घेणारे पाच. फोकसला हात लावू नका. एफ/८ला चार मीटरवर केलेल्या फोकसमध्ये सात मीटरही पुरेसं स्पष्ट येतं.

एकूण ६५. ओव्हरलॅप वाढवून हेच ६५ समोरून काढले असते तर काम दिसायला देखणं झालं असतं, पण आकडे तितकेच डळमळीत राहिले असते.

भिंत अगदीच सपाट असेल तर तिच्यापुढे खोली तयार करा. दोन-तीन खोकी किंवा स्टूल वेगवेगळ्या अंतरावर ठेवा आणि त्यांवर टार्गेट लावा. मॉडेलमधून ती नंतर कापता येतात.

टर्नटेबलवर कास्टिंग फिरवणाऱ्यांसाठी: कॅमेरा एकाच उंचीवर ठेवून फक्त टेबल फिरवलं तर सगळी हालचाल एकाच अक्षाभोवती होते. सेल्फ-कॅलिब्रेशनसाठी ही कमकुवत हालचाल आहे. तीन उंचींवरून फेरे घ्या (साधारण १५, ३५ आणि ६० अंश), मधला फेरा एकदा कॅमेरा उभा धरून परत घ्या. आणि मागची भिंत फोटोत येऊ देऊ नका. वस्तू फिरते, भिंत फिरत नाही. सॉफ्टवेअर दोन्हीतले बिंदू जुळवायला जातं आणि भलत्याच जागी कॅमेरे उभे करतं. मागे एकरंगी कापड लावा किंवा मास्क करा (फोटोतला तो भाग सॉफ्टवेअरला वगळायला सांगा).

ड्रोनवाल्यांसाठी: एकाच उंचीवरून, समांतर रेषांत, कॅमेरा थेट खाली ठेवून उडवलेलं मिशन म्हणजे परात हमखास. के१मधली बारीक चूक प्रत्येक जोडीत थोडी वाकते आणि शेतभर साचत जाते. मुख्य रेषांना काटकोनात दुसऱ्या रेषा घ्या, त्यांत गिंबल (ड्रोनचा कॅमेरा धरणारी यंत्रणा) २०–३० अंश उचला आणि उंची वेगळी ठेवा (६० मीटरच्या जोडीला ८०). शटर रोलिंग असेल (सेन्सर एकदम न वाचता ओळीओळीनं वाचला जात असेल) तर वेग कमी करा. सेन्सर वाचायला २० मिलिसेकंद लागत असतील आणि ड्रोन सेकंदाला ८ मीटरनं जात असेल, तर फोटोची पहिली ओळ आणि शेवटची ओळ यांत १६ सेंटीमीटरचं अंतर पडतं. जमिनीवर पिक्सेल दोन सेंटीमीटरचा असेल तर हे आठ पिक्सेल झाले. दर फोटोला थांबून काढा किंवा सॉफ्टवेअरमधली रोलिंग शटरची दुरुस्ती चालू करा. उजळाईवाडी विमानतळाच्या परिसरात उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलवरचा ड्रोनचा नकाशा पाहावाच लागतो, आणि संरक्षित स्मारकांवर परवानगीही लागते. हे फोटोग्रामेट्रीत मोडत नाही, पण ड्रोन जप्त झाला तर कॅलिब्रेशन कशाचं करणार?

इशारा: एका जागी उभं राहून नुसतं वळत काढलेले फोटो या संचात घालू नका. त्यांतून खोली मिळत नाही, आणि दूरचे बिंदू अस्थिर होऊन बाकीच्यांनाही ओढतात.

## ५. जागा सोडण्याआधी

लॅपटॉप नसेल तर कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघा. पूर्ण झूम करून दर दहावा फोटो तपासा: कोपऱ्यात हललेला नाही ना, टार्गेटची कड स्पष्ट आहे का. हललेला फोटो 'असू दे एखादा' म्हणून ठेवू नका. तो तीन-चार पिक्सेलची चूक शेकडो बिंदूंवर एकाच दिशेनं टाकतो.

दुसरं, विषय फ्रेमच्या चारही कोपऱ्यांत कधी ना कधी आला आहे का? छोटं कास्टिंग नेहमी मध्येच ठेवलं जातं. मग कडेच्या भागात लेन्स कशी वागते, याचा पुरावाच नसतो आणि के२, के३ अंदाजानं ठरतात. वस्तू मुद्दाम डाव्या वरच्या, उजव्या खालच्या कोपऱ्यात येईल असे आठ-दहा फोटो घ्या. खिद्रापूरच्या मंदिरासारख्या जागी फोटोंसाठी परत जाण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

## ६. सुरुवातीचा आकडा आणि गट

सॉफ्टवेअर फोटोतल्या माहितीवरून फोकल लेंथचा पहिला अंदाज घेतं. तो पिक्सेलमध्ये स्वतः काढून बघा: फोकल लेंथ भागिले सेन्सरची रुंदी, गुणिले रुंदीचे पिक्सेल. वरच्या उदाहरणात २४ ÷ २३.५ × ६००० = ६१२८ पिक्सेल.

घोळ होतो तो '३५ मिलिमीटर समतुल्य' आकड्यात. मोबाइलच्या माहितीत २६ मिलिमीटर लिहिलेलं असतं, ते ३६ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मच्या हिशेबात. रुंदीवरून हिशेब केला तर ४००० × ३००० पिक्सेलच्या फोटोसाठी २८८९ येतात, कर्णावरून केला तर ३००४. चार टक्क्यांचा फरक आहे. सुरुवात म्हणून दोन्ही चालतात, पण यातला कुठलाही आकडा 'कंपनीनं दिलाय' म्हणून फिक्स करू नका. २६ हा समतुल्य आकडा खरी फोकल लेंथ म्हणून टाकणारेही भेटतात. मोबाइलच्या सेन्सरवर ती कित्येक पट चुकीची असते.

एक लेन्स, एक फोकस, एक आकार म्हणजे एक गट. दोन फोन वापरले असतील तर मॉडेल एकच असलं तरी गट दोन. उलट एकाच बांधून ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या फोटोंना प्रत्येकी वेगळा कॅमेरा देऊ नका. अज्ञात वाढतात आणि हाती काही लागत नाही.

## ७. खोट्या जोड्या काढा

खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपात गोलाकार मांडलेले खांब आहेत. एकासारखा दुसरा. सॉफ्टवेअर तिसऱ्या खांबाचे बिंदू सातव्याशी जुळवतं आणि मंडप वळसा घेऊन भलतीकडे जातो. अशा जागी सगळ्या फोटोंची सगळ्यांशी जुळवणी न करता फोटोंच्या क्रमानं जुळवा, आणि खांबांच्या पायथ्याशी वेगवेगळे क्रमांक असलेली टार्गेट ठेवा. खांबांना काहीही चिकटवू नका, जमिनीवर ठेवा.

पाणी, झाडाची पानं, माणसं, आकाश यांवर मास्क लावा. मशीन केलेला चकचकीत भाग तर फसवाच. त्यावरची चमक कॅमेऱ्याबरोबर सरकते आणि सॉफ्टवेअरला ती खरी खूण वाटते. मॅट स्प्रे मारा किंवा तो भाग मास्क करून आजूबाजूच्या टार्गेटवर विसंबा.

दोनच फोटोंत दिसणारे बिंदू कॅलिब्रेशनच्या वेळी काढून टाका. तीन किंवा जास्त फोटोंतले ठेवा. फार दूरच्या बिंदूंनाही रजा द्या.

## ८. अज्ञात एकदम मोकळे सोडू नका

सगळ्या चौकोनांवर टिक करून बटण दाबणं ही सर्रास चालणारी पद्धत. क्रम असा ठेवा:

१. फक्त फोकल लेंथ आणि के१ मोकळे. चालवा, आकडे लिहून ठेवा.

२. के२ जोडा.

३. कलवलेले फोटो असतील तरच प्रिन्सिपल पॉइंट मोकळा करा. कोलमॅप हे सॉफ्टवेअर तो मुळातच बंद ठेवतं, ते उगाच नाही. कमकुवत मांडणीत तो ठरवताच येत नाही.

४. पी१, पी२. हे प्रिन्सिपल पॉइंटशी गुंतलेले असतात. ते मोकळे करताच प्रिन्सिपल पॉइंटनं मोठी उडी मारली, तर मांडणी दोघांना वेगळं करायला पुरेशी नाही. पी१, पी२ शून्यावर ठेवा.

५. के३ शेवटी, आणि गरज असेल तरच. साध्या लेन्सला दोन आकडे पुरतात. अॅक्शन कॅमेरा किंवा अल्ट्रावाइड असेल तर के४, के५ वाढवत बसण्यापेक्षा फिशआय मॉडेल निवडा.

प्रत्येक पायरीनंतर दोन गोष्टी बघा. नव्या आकड्याची अनिश्चितता त्या आकड्याएवढीच असेल तर तो आकडा काढा. एरर ०.४२ची ०.४१ झाली म्हणून त्याला ठेवू नका, अज्ञात वाढवला की एरर थोडी उतरतेच. दुसरं, सॉफ्टवेअर कोरिलेशन, म्हणजे दोन आकडे एकमेकांत किती गुंतलेत ते, दाखवत असेल (मेटाशेप हे सॉफ्टवेअर दाखवतं) तर फोकल लेंथचं प्रिन्सिपल पॉइंटशी किंवा पी१, पी२शी नातं ०.९च्या वर गेलंय का ते पाहा. के१, के२, के३ आपसात गुंतलेले असणं स्वाभाविक आहे, त्याची धास्ती घेऊ नका.

## ९. बाहेरच्या मापांना किती मान द्यायचा

जमिनीवरचे कंट्रोल पॉइंट (नेमकी जागा मोजून ठेवलेल्या खुणा) किंवा फोटोतला जीपीएस दिला की सॉफ्टवेअर विचारतं: अचूकता किती? इथे बरेच जण मूळचा आकडा तसाच ठेवतात. साध्या ड्रोनचा जीपीएस काही मीटर इकडेतिकडे असतो. त्याला सेंटीमीटरचा मान दिला तर गणित फोकल लेंथ वाकवून त्या चुकीच्या जागा खऱ्या करायला निघतं.

आणखी एक खड्डा उंचीचा. ड्रोनमधल्या आरटीकेची (सेंटीमीटरपर्यंत अचूक जीपीएसची) उंची बहुधा एलिप्सॉइडवरची (पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची) असते आणि लेव्हलिंगनं आणलेली उंची समुद्रसपाटीपासूनची. कोल्हापूर परिसरात या दोन्हींत ५० मीटरांहून जास्त फरक आहे. एकाच प्रकल्पात दोन्ही टाकल्या तर कॅलिब्रेशनचा बोजवारा उडतो. प्रोजेक्शन यूटीएम झोन ४३ उत्तर घ्या आणि उंची एकाच पद्धतीची ठेवा.

कंट्रोल पॉइंट चारही कोपऱ्यांत आणि मध्येही लावा. मध्ये एकही नसेल तर परात कुणाच्या लक्षातच येत नाही.

## १०. निकाल खरा का खोटा

रिप्रोजेक्शन एररवर भिस्त ठेवू नका. ती एवढंच सांगते की आकडे एकमेकांशी जुळतात.

१. लपवून ठेवलेली दोन अंतरं मॉडेलमध्ये मोजा. एक लांबी जास्त आणि दुसरी कमी आली तर चूक मापाची नाही, आकाराची आहे. खोलीच्या दिशेची पट्टी एकटीच चुकत असेल तर संशयित फोकल लेंथ.

२. फोटोंचे दोन भाग करा, सम क्रमांकाचे आणि विषम क्रमांकाचे. दोन्ही भागांत तिरके आणि कलवलेले फोटो आलेत याची खात्री करा. दोन्हींचं कॅलिब्रेशन स्वतंत्र चालवा. फोकल लेंथमधला फरक सॉफ्टवेअरनं सांगितलेल्या अनिश्चिततेच्या कितीतरी पट निघाला, तर ती अनिश्चितता कागदावरचीच होती.

३. उरलेल्या चुकांचं चित्र काढा. प्रत्येक बिंदूची चूक फ्रेमवर त्याच्या जागी बाणानं दाखवली की बाण विस्कळीत दिसायला हवेत. कोपऱ्यांत सगळे बाहेर वळले असतील तर डिस्टॉर्शन पुरतं पकडलेलं नाही. ओळीनं एकाच बाजूला झुकले असतील तर रोलिंग शटर किंवा स्टॅबिलायझेशन.

४. सपाट असल्याचं माहीत असलेल्या भागावर प्लेन (गणिती सपाट पृष्ठ) बसवा. मध्य आणि कडा यांत पद्धतशीर फरक दिसला तर चौथ्या टप्प्याकडे परत जा.

## ११. आकडे दुसरीकडे नेताना

इथपर्यंत नीट आलेलं काम शेवटच्या पायरीवर पडतं. मेटाशेपचे पी१ आणि पी२ ओपनसीव्हीत (फोटोंवर गणित करणाऱ्या प्रोग्रामिंग लायब्ररीत) उलटे बसतात, पी१च्या जागी पी२. मेटाशेपमध्ये प्रिन्सिपल पॉइंट फोटोच्या मध्यापासून मोजतात, ओपनसीव्हीत डाव्या वरच्या कोपऱ्यापासून. ओपनसीव्ही पहिल्या पिक्सेलच्या मध्याला शून्य म्हणतं आणि कोलमॅप त्याच पिक्सेलच्या कोपऱ्याला, म्हणून अर्ध्या पिक्सेलचा फरक पडतो. ओपनसीव्हीत आकड्यांचा क्रम के१, के२, पी१, पी२, के३ असा आहे. के३ तिसऱ्या जागी टाकला की फोटो एका बाजूला वितळल्यासारखा दिसतो.

जुन्या फोटोग्रामेट्री सॉफ्टवेअरमधला के१ आणखी वेगळा. तिथे सूत्र वाकड्या बिंदूपासून सरळ बिंदूकडे जातं, ओपनसीव्हीत सरळपासून वाकड्याकडे. चिन्ह उलटं येतं. नुसतं चिन्ह बदलूनही भागत नाही, कारण एककंही मिलिमीटरची असू शकतात. अशा वेळी सूत्र लावण्यापेक्षा सुधारलेले फोटोच बाहेर काढा आणि ते पुढे द्या.

फोटोचा आकार निम्मा केला तर फोकल लेंथ आणि प्रिन्सिपल पॉइंट निम्मे होतात, के१ आणि मंडळी तशीच राहतात (ओपनसीव्हीच्या पद्धतीत). फोटो कडेनं कापला तर फक्त प्रिन्सिपल पॉइंट सरकतो.

फाइलच्या नावात कॅमेरा, लेन्स, फोकसचं अंतर, फोटोचा आकार आणि तारीख लिहा. लेन्स काढून परत बसवली, फोकसची टेप निघाली किंवा कॅमेरा पडला, तर ती फाइल नव्या कामात फक्त सुरुवातीचा अंदाज म्हणून वापरा, फिक्स करून नाही.